बाराव्या अल्बमची शेवटची आठ मिनिटं

माझ्या मेहुण्याने मला फसवलं. एका विलायती बँडच्या बाराव्या अल्बमची शेवटची आठ मिनिटं त्याने कापली, कापल्याचं कळू नये अशी सोय केली आणि वीस वर्षं तो तोडका माल माझ्या गळ्यात मारत राहिला.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. जन्मभर जहाजावर होता. मी मालवणात होड्यांची जुनी इंजिनं घेतो, दुरुस्त करतो, विकतो. सुरुवात दुसऱ्याच्या गॅरेजात रॉकेलने नट धुण्यापासून केली. आज बंदरावर जुनं इंजिन विकायचं झालं तर आधी मला दाखवतात. हे सगळं कानावर कमावलं. चालू इंजिन कोणीही ऐकतो. मी ते बंद करायला लावतो आणि पूर्ण थांबेपर्यंत ऐकतो. खोट असेल ती थांबताना कळते.

बँडचं वेड मेहुण्यानेच लावलं, हे मी नाकारत नाही. सुट्टीवर आलेला असताना त्याने माझ्या गॅरेजात कॅसेट लावली. वीस मिनिटांचं एकच गाणं. आधी वाटलं, ड्रमवाल्याचा एक ठोका चुकतोय. मी पाना खाली ठेवला आणि मोजायला लागलो. सात मोजून पुन्हा एक. चूक कुठेच नव्हती; आठवा ठोका तो दर फेरीला मुद्दाम सोडत होता. तेव्हापासून मी त्यांचा झालो. या लोकांचे केस पिकले, एक गिटारवाला भांडून गेला, दुसरा आला, पण चौदा अल्बमांत एका ठिकाणीही त्यांनी काम उरकून टाकलेलं नाही. असा कारागीर मी बंदरावर एकच पाहिला, तोही आता नाही.

नवा अल्बम आला की अस्सल कॅसेट मेहुण्याकडे आणि तिची नक्कल मला, असा रिवाज होता. चतुर्थीला तो बहिणीकडे जेवायला यायचा. जेवण झालं की आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अल्बमांची क्रमवारी लावायचो. यादी एकच, दोघांना मान्य असलेली. म्हणजे घासाघीस आलीच. बायको म्हणायची, "बाजारात जावन बसा दोघय. निदान बांगडे तरी स्वस्त मिळतले."

माझ्या मते सहावा पहिला. चार गाणी, आणि त्यातला एक सूर काढून ठेवायचा म्हटला तर मला काढता येणार नाही. मेहुण्याला पहिल्या जागी तिसरा हवा असायचा. तिसरा मोठाच आहे, पण त्यात बोटं किती वेगाने पळतात हे दाखवायची तरुणपणाची हौस आहे. नववा संथ, तो वयाबरोबर वर सरकत गेला. अकरावा रेडिओसाठी केलेल्या छोट्या गाण्यांचा, तसा पडकाच. तरी त्यातली एक बासरी मी कोणत्याही भावात सोडणार नाही.

मग बारावा. मी म्हणायचो, हा शेवटी टाका. शेवटचं गाणं इतकं सुंदर उभं राहतं आणि रंगात येतं तोच हळूहळू विझून जातं. यांना ते संपवता आलेलं नाही. मेहुणा तोंड पाडायचा. "इतको खाली नको, भावजी," म्हणत अर्धा तास ओढून धरायचा आणि मग मोठं मन करून कबूल व्हायचा. बदल्यात तिसरा पहिला. म्हणजे पहिली जागा देऊन मी दर वर्षी शेवटची जागा विकत घेतली.

यंदा मे महिन्यात मुलगी पुण्याहून आली. कुडाळ स्टेशनवरून तिला आणत होतो. गाडीत त्याच कॅसेटींवरून भरलेला माझा पेनड्राइव्ह असतो. ती म्हणाली, ही खरखर ऐकवत नाही, आणि तिने मोबाइल जोडला. मी म्हटलं, बाराव्याचं शेवटचं गाणं लाव, चांगल्या माणसांचंही काम कसं फसतं ते तुला दाखवतो. नेरूरपारच्या पुलाअलीकडे गाणं विझायच्या जागी आलं. विझलं नाही.

मी गाडी बाजूला घेतली. बाकी वाद्यं थांबली, एकटा ऑर्गन उरला. मग अल्बमच्या पहिल्या गाण्याची चाल परत आली, अर्ध्या वेगाने, खाली तेच सात ठोके. गिटार चढत गेली आणि जिथे आता पुढे जागाच नाही असं वाटलं तिथून आणखी चढली. शेवटी एकेक वाद्य आपल्या जागी बंद झालं. इतकं स्वच्छ थांबलेलं मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी रडतास?"

मी तिला गप्प बसायला सांगितलं आणि तिथूनच मेहुण्याला फोन लावला. तो आता निवृत्त होऊन पिंगुळीला राहतो. त्याने काहीच नाकारलं नाही.

"कॅसेट साठ मिनटांची होती, भावजी. अल्बम अडसष्टचो. मी काय करतलंय?"

"मगे खाटकन तोडूचा होता. हळूहळू आवाज कमी कित्याक केलात?"

"खाटकन तोडलेला कानाक बरा लागला नसता."

आणि वीस वर्षांची घासाघीस? त्यावर तो हसला. म्हणाला, "सौदो करूक तुमीच शिकवलात माका." मी फोन ठेवला.

यादी मी एकट्याने नव्याने लिहिली. बारावा पहिला, सहावा दुसरा. तिसरा रागाने चौदाव्या जागी घातला होता, मग खोडून वर आणला. बँडने माझं काही वाकडं केलेलं नाही.

हिशेब मेहुण्याशी आहे. त्याने चतुर्थीला अस्सल कॅसेट घेऊन यावं आणि बहिणीसमोर बसून मला एवढंच सांगावं: नक्कल करताना तुमच्या खोलीत अस्सल कॅसेट तर वाजतच होती. माझ्या नकलेच्या आवाजाचं बटण शून्यावर नेल्यावर ती आठ मिनिटं तुम्ही एकटे शेवटपर्यंत ऐकत बसलात की नाही? उत्तर द्या.