लाईट भूमची गेली, साईट मुंबईची बंद पडली

मंडळी, आज डोकं लई फिरलंय.

भूममध्ये माझ्या मामांची खव्याची भट्टी आहे. त्यांना वेबसाईट करून देते म्हणून मीच मागं लागले होते. "साईट मुंबईतल्या सर्व्हरवर राहणार, मामा. इथली लाईट गेली तरी ती बंद पडणार नाही," असं छातीठोक सांगितलं, तेव्हा कुठं ते तयार झाले.

सकाळी भट्टीवर बसूनच, साईट आणि तिला लागणारं सगळं एका कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या डब्यात, भरलं आणि लॅपटॉपवरून तो कंटेनर मुंबईच्या सर्व्हरवर चालू केला. मामांनी हौसेनं लातूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो साईटवर खव्याचे फोटो बघत होता, तेवढ्यात इथली लाईट गेली. वायफाय बंद.

व्यापारी फोनवर म्हणाला, "अहो, साईट गेली की!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. "का गं, मुंबईला बी आपल्याच डीपीवरनं लाईट हाय व्हय?"

डोकं खाजवून खाजवून दुपारी कळलं. कंटेनरला 'माझ्याशिवाय चालू राहा' असं सांगणारं एक अक्षर मी कमांडमध्ये लिहिलंच नव्हतं. त्यामुळं माझं कनेक्शन तुटलं की तोही बंद. एका अक्षरापायी सगळी शोभा!

आता दुरुस्त केलंय. पण मामा म्हणतात, "लाईट जाऊ दे, मग बघू."

म्हणून भट्टीवर बसून लाईट जायची वाट बघतेय. एरवी घडीघडीला जाणारी मेली लाईट आता जाता जाईना!

तुमच्याकडं तरी गेली का हो?