हॉल तिकिटावरची हनुवटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. ती सकाळ मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

छत्रपती संभाजीनगरमधल्या एका परीक्षा केंद्रावरून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला, "डमी उमेदवार पकडलीय. फोटो जुळत नाही." नोकरभरतीचा पेपर सुरू व्हायला पाऊण तास होता. केंद्रावरचं अंगठ्याचा ठसा जुळवणारं यंत्र बंद पडलेलं. मी मुलीला ठाण्यात आणलं.

हॉल तिकिटावरच्या फोटोत खालचा जबडा पुढे आलेला, खालचा ओठ बाहेर. समोरच्या मुलीचा जबडा मागे, ओठ आत बसलेला, गाल फुगीर. आधार कार्डावरही जुनाच चेहरा.

"मीच हाय, साहेब. जबड्याचं ऑपरेशन झालंय." शब्द अडखळत होते. तिनं दवाखान्याची फाईल टेबलावर ठेवली. मी ती बाजूला सारली. डमी मंडळी कागद तयार ठेवूनच येतात, हा माझा अनुभव.

"खरं नाव सांग."

चहा दिला. तो तिच्या हनुवटीवरून ओघळला, तिला पत्ताही नाही. घाबरली म्हणजे खोटी, असं मी धरलं.

पिशोर गावाहून तिच्यासोबत आलेले वडील मागोमाग पोचले. त्यांना मी तासभर बाहेर बसवलं. आत येऊन म्हणाले, "लेक माझीच हाय. पट्टी सोडली तव्हा मलाबी वळखू आली नव्हती. तुम्हाला काय बोलू?"

आमच्या हवालदार बाईंनी फोटोचा खालचा भाग बोटांनी झाकला. "साहेब, आता कान बघा. भुवईतला व्रण बघा."

सगळं तेच. वर्णन नोंदवताना कान बघा, हे नव्या शिपायांना मीच शिकवायचो.

मग फाईल उघडली. पहिल्याच पानावर ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा फोटो. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "हाड मागं घेतलं की ओठ, हनुवटीचं मांस त्याच्यामागं जातं. सूज उतरायला महिने लागतात. ओठ बधिर असतो, सांडलेलं कळत नाही."

तोवर पेपर संपला होता. वयाच्या अटीत बसणारी तिची ती शेवटची परीक्षा.

जाताना ती म्हणाली, "आधी त्या तोंडाला लोक हसायचे, साहेब. या तोंडापायी तुम्ही धरलं."

स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'वडिलांनी नंतर वैद्यकीय कागद हजर केले. खात्री करून सोडले.' फेरपरीक्षेचा तिचा अर्ज याच नोंदीवर फेटाळला गेला. कागद वेळेत दाखवले नाहीत म्हणे.

चेहरा बदलतो, हे त्या दिवशी शिकलो. आपली चूक झाकायला माणूस काय लिहितो, हेही.

फाईल पेपरच्या आधी माझ्या टेबलावर होती. एवढं माझ्या सहीनिशी लिहून तिला द्यायचं अजून राहिलं आहे.