गुरुजींसाठी पातोडी-रस्सा

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. तीन बायका, दोन खोल्या आणि एक स्टोव्ह एवढं असलं की ते आपोआप साठत जातात. आमच्या नर्स क्वार्टरमध्ये नेमकं तेवढंच होतं! अजूनही आम्ही तिघी भेटलो की आधी चहा होतो आणि मग कोणीतरी म्हणतं, "शशे, ते गुरुजींच्या जेवणाचं सांग नं!" सांगणारी मीच, आणि सगळ्यांत आधी हसत सुटणारीही मीच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावी छोटा सरकारी दवाखाना. मोठ्या सिस्टर सुमनबाई वर्ध्याकडच्या, पद्मा सिरोंच्याची, आणि मी मॅट्रिकनंतर ट्रेनिंग संपवून नुकतीच आलेली.

स्वयंपाकघरात राज्य सुमनबाईंचं. त्यांच्याकडे सुक्या झिंग्यांचा एक मोठा डबा होता. वांगं असो, भोपळा असो, मेथी असो, वरून मूठभर झिंगे पडायचेच. एकदा मी भीत भीत म्हटलं, "आज नुसतीच भाजी करू का?"

सुमनबाई म्हणाल्या, "झिंग्याशिवाय भाजी म्हणजे सुईशिवाय सिरिंज! काय कामाची वं?"

*

गुरुजी आमच्या दारात पहिल्यांदा आले ते लंगडत. आश्रमशाळेत शिकवायचे. पोटरीला कुत्रा चावला होता.

"कुत्रा कोणाचा?" मी विचारलं.

"शाळेचाच आहे, सिस्टर. पोरायपेक्षा त्याचीच हजेरी जास्त!"

तेव्हा कुत्रा चावला की पोटात चौदा सुया. मी नवीन, म्हणून फार कडक. रजिस्टर मिटलं आणि पथ्य सांगितलं, "मटण बंद. मच्छी बंद. अंडी, झिंगे, सगळं बंद. मी सांगेपर्यंत!"

गुरुजींनी मान खाली घातली. "पाणी चालते नं?"

तेरा दिवस सुया मी दिल्या. चौदाव्या दिवशी मला कॅम्पला पाठवलं. परत आले तर सुमनबाई म्हणाल्या, "शेवटची सुई मी देल्ली. रडला नाई तुझा गुरुजी."

"माझा काऊन?"

"मंग काय माझा हाय?"

*

सुया संपल्या, गुरुजींचं येणं संपलं नाही. त्यांच्या वर्गातल्या मुलांना खरूज झाली. गुरुजी एका दिवशी एकच मूल घेऊन यायचे. औषध मी लावायची, गुरुजी बाकावर बसून बघायचे.

पद्मा म्हणाली, "गुरुजी, सगळ्यांना एकदम आणा नं! एका दिवसात काम होईल."

"गर्दी होते, सिस्टर. तुम्हाले त्रास."

वर्गात पस्तीस मुलं होती. सुमनबाई म्हणाल्या, "चला, दिवाळीपर्यंत निश्चिंती!"

मग एक दिवस पद्मा धावतच क्वार्टरमध्ये आली. शाळेच्या कार्यक्रमात बकरा कापला होता आणि ती पंगतीत गुरुजींच्या समोरच बसली होती. "सगळे मटण खात होते आणि गुरुजी वरण-भात! रस्सासुद्धा घेतला नाही. पक्के शाकाहारी आहेत!"

सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. "गेला कामातून!"

*

त्यानंतर बाबांचं पत्र आलं. सप्रेम जयभीमनंतर थेट मुद्दा. चिमूरचं स्थळ आलं आहे, मुलगा चांगला आहे, रविवारच्या गाडीनं मी येतो, तुझा होकार घेऊनच जाईन.

पत्र हातात धरून मी तांदळाच्या पिंपावरच बसले. गुरुजींच्या मनात काय आहे, मला ठाऊक नव्हतं. आठ महिन्यांत ते माझ्याशी फक्त खरजेवर बोलले होते! माझ्या मनात काय आहे ते मात्र साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"त्याले शनिवारी दुपारी जेवाले बोलाव," सुमनबाई म्हणाल्या. "पोट भरलं की माणूस बोलते. असं शाकाहारी खाऊ घाल की बोलल्याशिवाय पाटावरून उठलाच नाई पायजे!"

मग बेत ठरला. सुमनबाईंची पुरणपोळी, पद्माचा चिंचेचा भात, माझ्या कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. आणि मुख्य म्हणजे पातोडी-रस्सा. बेसनाच्या वड्या झणझणीत रस्स्यात सोडायच्या, वर तेलाचा लाल तवंग. लांबून पाहिलं तर मटणच वाटावं!

*

बुधवारी पानांच्या वड्यांची तालीम केली. एवढ्या वड्या वाफवायला आमच्याकडे भांडं नव्हतं. म्हणून सिरिंजा उकळायचं जुनं, बाद झालेलं स्टरिलायझर घासून-पुसून घेतलं आणि लावलं स्टोव्हवर. चांगली वाफ धरली होती. तेवढ्यात डॉक्टरसाहेब काहीतरी विचारायला आत आले आणि सवयीनं त्यांनी झाकण उघडलं.

"सिस्टर, ह्या सुया हिरव्या कशा झाल्या?"

आम्ही तिघी भिंतीला चिकटलो. साहेबांनी एक वडी उचलली, खाल्ली. दुसरी खाल्ली. म्हणाले, "उत्तम." आणि मग एकदम स्वतःचा गळाच धरला!

पानं मी दवाखान्यामागून तोडली होती. आमच्याकडे काम करणाऱ्या मैनाबाईनं देठ पाहूनच सांगितलं, "हे रानकोचई हाय, बाई. हे डुकरंबी खात नाईत."

तोवर आम्हीही चाखून बसलो होतो. गळा खाजून खाजून संध्याकाळपर्यंत दवाखान्यात कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. पद्मानं मला कागदावर लिहून दाखवलं, "हे खाऊन गुरुजी बोलणार कसे?"

वड्या रद्द!

*

शुक्रवारी घर शुद्ध केलं. कढया राखेनं तीनदा घासल्या. तरी झिंग्यांचा वास जाईना. शेवटी सुमनबाईंनी डोळ्यांत पाणी आणून डबा उचलला आणि औषधांच्या खोलीत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे बाबा खोकल्याचं औषध घ्यायला आले. मी बाटली दिली. त्यांनी ती परत केली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"हे नोको. ते आतलं द्या, बाई. वासावरूनच जोरदार दिसते!"

*

त्याच सकाळी मैनाबाई पानाच्या द्रोणात लाल चटणी घेऊन आली. गुरुजींसाठी, खास.

"यात मटण-मच्छी नाही नं?" मी विचारलं.

"नाई बाई. झाडावरूनच काढली." चेहरा अगदी सरळ!

मी द्रोण ताटाजवळ ठेवणार, तेवढ्यात चटणीत एक मुंगी दिसली. मग दुसरी. मग कळलं, चटणी मुंग्यांचीच होती!

"झाडावरच राह्यतात नं त्या," मैनाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खदखदा हसत गेली. चटणी सुमनबाईंनी संपवली. झिंग्यांच्या विरहात होत्या.

*

दुपारी गुरुजी आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"जयभीम, सिस्टर. उद्या तुमचे बाबा येऊन राह्यले म्हणते?"

"हो," मी म्हटलं. मग पाट मांडला. सुमनबाई आणि पद्मा आतल्या दारामागे होत्या. दोघी मिळून एकच श्वास घेत होत्या.

मी ताट वाढलं. रस्स्याचा लाल तवंग पाहून गुरुजींचे डोळे चमकले. मोठ्या आशेनं त्यांनी पहिली पातोडी उचलली, चावली, आणि आतलं बेसन निरखून पाहिलं. मग मुकाट्यानं सगळं खाल्लं. भात दोनदा, पोळ्या चार, पातोड्या मी मोजल्याच नाहीत. पण बोलले काहीच नाहीत. ताट पुसून स्वच्छ झालं. आता हात धुतील आणि जातील!

"सिस्टर," गुरुजी एकदम म्हणाले, "रागावणार नसान तं एक विचारू का? आठ महिन्यापासून विचारीन म्हणतो."

दारामागे काहीतरी खाली पडलं.

"विचारा नं."

"ते पथ्य कधी सुटते?"

"कोणतं पथ्य?"

"कुत्र्याचं. मटण, मच्छी, अंडी, झिंगे. तुम्ही म्हणाल्या, मी सांगेपर्यंत बंद. तुम्ही सांगितलंच नाई."

दारामागून "अरे बाप्पा!" असा आवाज आला. तो सुमनबाईंचा.

"अहो, शेवटच्या सुईच्या दिवशी सुमनबाईंना विचारायचं नं!"

"त्यायले काऊन विचारू?" गुरुजी ताटाकडे बघत म्हणाले. "पथ्य तुम्ही लावलं होतं."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. उद्या गाडी येणार होती. कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हटलं, "लग्नापर्यंत."

"कोणाच्या?"

"आपल्या."

गुरुजींनी शांतपणे हात धुतले, पुसले आणि उठून उभे राहिले.

"मंग उद्या गाडीवर बाबाले घ्याले मीच जातो. लवकरची तारीख काढाले सांगतो. सुमनबाईच्या डब्याचा वास शाळेपर्यंत येते, सिस्टर!"