कोशातली बंद गिरणी

लीलाधरभाऊंना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नाही. देवळात आले तर खांबाजवळ उभे. पंगतीला बसले तर पहिला घास तोंडात जाण्याआधी उठून वाढप्याच्या हातातलं पातेलं घेणार आणि चार पानांवर वरण वाढूनच परतणार. पांडुरंगानं त्या माणसाच्या पायांत वारा भरला होता आणि छातीत सरळपणा. एरंडोलजवळच्या एका तेलगिरणीचे ते प्रतिनिधी होते. सरकीच्या तेलाचे नमुने पिशवीत घालून धुळे, धरणगाव, शिंदखेडा पालथं घालायचं आणि दुकानदाराला गोड बोलून गिरणीचं नाव राखायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी सेवा मानून केलं.

एकोणीसशे एकोणनव्वद साली त्यांच्या लेकीचं, प्रमिलेचं लग्न जुळत आलं होतं. स्थळ शिंदखेड्याचं होतं, मुलगा देखणा आणि शांत. मुलाचे वडील चुडामण गुरुजी यांचा छापील अक्षरावर देवासारखा विश्वास. सुपारी फोडायचा दिवस धरायचा, तेवढ्यात गुरुजींचा निरोप आला, "थांबा."

थांबणं लीलाधरभाऊंना कुठलं जमायला? पहिल्या गाडीनं ते शिंदखेड्याला पोचले. गुरुजींनी कपाटातून 'खानदेश परिचयकोश' काढला, पान उघडलं आणि बोट ठेवलं. गिरणीच्या नावाखाली छापलं होतं: 'हा कारखाना आता बंद पडला आहे.'

"भाऊ, बंद गिरणीचे तुम्ही प्रतिनिधी कसे?"

"गुरुजी, मी काल तिथूनच आलो. सदऱ्याला वास येतोय, पाहा."

"वास कोणत्याही तेलाचा येईल. उद्या सोयरे विचारतील, व्याही करतात काय? मी काय दाखवू, सदरा? तुळशीच्या लग्नाआधी हे कोशातून दुरुस्त करून आणा. दुसरं एक स्थळ सांगून आलंय, त्यांना मी किती थोपवू?"

घरी पत्नी सुनंदाबाईंनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, त्या पाटीवर अजून एक ओळ लिहा."

खरी गोष्ट ती पाटीच. श्रावणात खानदेशात कानबाई देवी बसते. घरोघरी भाऊबंदांच्या नावानं मुठीमुठीनं गहू मोजून दळतात, त्याचे रोट होतात, आणि ते रोट संपेपर्यंत भाऊबंदांनी एकत्र जेवायचं असतं. त्या दिवसांत गिरणीत माणूस उरत नाही, म्हणून फाटकाला कुलूप पडतं. कुलपाशेजारी लीलाधरभाऊंनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात पाटी लावली होती, 'गिरणी बंद आहे.' का बंद, कधीपर्यंत बंद, हे लिहायची त्यांना गरज वाटली नाही. सगळ्या मुलखाला ठाऊक असलेली गोष्ट पाटीवर कोण लिहितो? आणि नेमका त्याच दिवसांत कोशासाठी माहिती गोळा करणारा कुणी परका विद्यार्थी फाटकाशी आला. आजूबाजूला विचारायला माणूस नव्हता, जो तो आपापल्या भाऊबंदांत रोट खात बसलेला. त्यानं पाटी वाचली, लिहून घेतलं आणि निघून गेला.

कोशाचे संपादक वाल्मीक नाना धुळ्याला राहत. दम्यामुळे त्यांनी प्रवास सोडला होता. कोशाची पुरवणी छापायला जाणार होती. लीलाधरभाऊ त्यांच्यापुढे हजर झाले, सोबत मालक रतिलाल शेठ यांचं पत्र. नोंद चालू करावी, तेल शुद्ध करण्याचा नवा विभाग लिहावा, शेठचा फोटो घालावा आणि त्यांना 'खानदेशचे भूषण' म्हणावं, अशी विनंती.

नानांनी पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "भूषण कुणी ठरवलं?"

"शेठनी."

"स्वतःच? मग मला कशाला त्रास?" नाना हसले, पण पत्र परत केलं. "लीलाधरभाऊ, तुम्ही खोटं बोलत नसाल. पण आपल्याविषयीची साक्ष आपणच द्यायची नाही, हा या कोशाचा नेम आहे. गिरणीचं मीठ न खाल्लेला माणूस आणा. तो म्हणाला गिरणी चालू, की मी चालू लिहिली."

एवढंच ना, असं म्हणत लीलाधरभाऊ उड्या मारत परतले. त्यांनी छगन दुकानदाराला धुळ्याला नेलं. नानांनी विचारलं, "सरकीची ढेप कुठली विकता?" छगन म्हणाला, "यांच्याच गिरणीची." मग देवळाच्या पुजाऱ्यांना नेलं. नाना म्हणाले, "महाराज, नंदादीपाला तेल कुणाचं?" पुजारीबुवा लीलाधरभाऊंकडे पाहू लागले. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "भाऊ, देवालाही तुम्ही गिरणीच्या बाजूला ओढलंत."

कार्तिक उजाडला. लीलाधरभाऊंची झोप उडाली. उभे राहिले तर बसावंसं वाटे, बसले तर चालावंसं वाटे. गावात गिरणीचं मीठ न खाल्लेलं असं होतं तरी कोण? एक नाव मनात येई आणि ते दुसरीकडे वळत.

ते नाव भागाबाईंचं. गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचा मिरचीचा मळा. नव्या विभागातलं तेल धुतलेलं पाणी चरातून मुरत मुरत त्यांच्या विहिरीत उतरलं होतं. शेठकडे त्या कितीदा आल्या आणि प्रत्येक वेळी त्यांना समजावून परत पाठवायचं काम लीलाधरभाऊंच्याच गोड जिभेनं केलं होतं. त्यानंतर त्यांनी मळ्याची वाटच सोडली होती.

शेवटी एका सकाळी ते त्या वाटेनं गेले. भागाबाई मिरच्या तोडत होत्या.

"अक्का, धुळ्याला येता का? गिरणी चालू आहे एवढं सांगायचं."

"कसाले? तुमना शेठले तोंड नई का?"

"शेठचं चालत नाही. तुमचं चालतं."

भागाबाईंनी टोपली खाली ठेवली. "मनं चालस? इतलं दिन कोठे व्हतात भाऊ?" आणि मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "येसू. पन मी जे शे ते बठ्ठं सांगसू."

सगळं सांगणार म्हणजे विहिरीचंही, हे लीलाधरभाऊंना कळलं. तरीही त्यांनी मान हलवली.

नानांसमोर भागाबाई ताठ बसल्या. "गिरणी चालू शे. चालू शे म्हनीसन तं मनी इहीर नासनी. बंद ऱ्हाती तं मी पानी पेती." बरोबर आणलेली विहिरीच्या पाण्याची बाटली त्यांनी पुढे केली. नानांनी बूच काढलं, वास घेतला आणि बूच पुन्हा लावलं.

"अशी साक्ष मला हवी होती," ते म्हणाले. "पण लीलाधरभाऊ, साक्ष अर्धी घेता येत नाही. 'कारखाना चालू आहे' हे छापीन, तर 'त्याच्या सांडपाण्यानं शेजारची विहीर बिघडली आहे' हेही छापीन. दोन्ही, नाही तर एकही नाही. तुम्ही गिरणीचे प्रतिनिधी म्हणून आलात, म्हणून तुम्हाला आधी सांगतो."

लीलाधरभाऊ उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. एका बाजूला लेक, एका बाजूला अन्न देणारा शेठ, आणि मध्ये ती बाटली. मनात नाम सुरू होतं, पण आज नामालाही लय सापडेना. मग ते भागाबाईंच्या शेजारी येऊन थांबले.

"दोन्ही छापा नाना. विहीर मीही पाहिली आहे. पाहून वाट बदलली, एवढंच."

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस असताना पुरवणी आली. चुडामण गुरुजींनी नोंद दोनदा वाचली आणि विचारलं, "ही विहिरीची ओळ तिथं कशी आली?"

"मीच त्या बाईंना नेलं होतं."

गुरुजींनी पुरवणी मिटून कपाटात कोशाशेजारी ठेवली. नंतर आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "सुपारी आणा."

रतिलाल शेठनीही नोंद वाचली. त्यांनी आवाज चढवला नाही. लीलाधरभाऊंची नमुन्यांची पिशवी काढून घेतली आणि त्यांना फाटकाजवळच्या वजनकाट्यावर नेमलं. हिंडणाऱ्या माणसाला दिवसभर एका जागी बसवलं, याहून मोठी शिक्षा शेठना सुचली नसती. पण जिल्हाभरच्या गिऱ्हाइकांनी त्या ओळीविषयी विचारून विचारून शेठना भंडावलं, आणि वर्ष सरता सरता सांडपाण्याला पक्का हौद बांधला गेला.

तेव्हापासून दर एकादशीला काट्यावरून सुटी झाली की लीलाधरभाऊ मळ्याकडे जातात. पोहरा सोडतात, ओंजळभर पाणी चाखायला भागाबाईंपुढे धरतात. शेठनी नानांना पुन्हा निरोप धाडला आहे, हौद झाला, पुढच्या आवृत्तीतून ती ओळ आता काढून घ्या. नानांचं उत्तर ठरलेलं आहे, साक्ष बदलायची तर ज्यांची आहे त्याच बदलतील.

भागाबाई पाणी तोंडात घेतात, गाल फुगवून क्षणभर ठेवतात आणि मिरचीच्या वाफ्यात थुंकतात.

"आते बी तेल लागस भाऊ."

"बरं अक्का," असं म्हणून लीलाधरभाऊ पोहरा पुन्हा विहिरीत सोडतात.