सिमेंटचं अंगण

मी पडीक घरं स्वस्तात घेते, दुरुस्त करते आणि हप्त्यांवर विकते. शेवटचा हप्ता येईपर्यंत घर माझ्याच नावावर राहतं, पण किल्ली पहिल्याच दिवशी देऊन टाकते. लोक म्हणतात, "एक दिवस बुडशील." म्हणोत बापडे. ज्यांना पगार नाही त्यांना बँक दारात उभं करत नाही. त्यांनी काय जन्मभर पालातच राहायचं?

वालूरचं ते घर भावाभावांच्या भांडणामुळं निम्म्या भावात मिळालं. मी पत्रे बदलले, रंग दिला आणि अख्खं अंगण सिमेंटनं गुळगुळीत करून घेतलं. वाटलं, गिऱ्हाईक बघताक्षणी भाळणार.

आलं एक मेंढपाळ जोडपं. दर दिवाळीनंतर ते कळप घेऊन गावोगाव फिरायचे.

"आमी फिरायलोत, अन् पोरीची शाळा बुडायलीय," बाई म्हणाली. "औंदा तिला सासूपाशी ठिवायचं हाय."

तिनं खोल्या पाहिल्या, हसली. अंगण पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

"ताई, घर लय भारी हाय. पर पावसाळ्यात मेंढरं कुठं बसवायची? सिमिटात मूत मुरत न्हाई. खुरं सडतेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घर माणसांसाठी घेताय की मेंढरांसाठी?"

"मेंढरं हायेत म्हणून तर हप्ता देनार," नवरा शांतपणे म्हणाला.

शेवटी फोडलं अंगण. करायचा खर्च माझा, फोडायचाही माझाच. हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच. महिन्याचा हप्ताही त्यांना जमण्यासारखा नव्हता, म्हणून मेंढरं विकतात तेव्हाचे, वर्षातून दोनच हप्ते ठरवले.

दिवाळीनंतर ते निघाले त्या सकाळी मी मुद्दाम गेले. पोर गणवेश घालून दारात उभी होती, शेजारी आजी. कळप गल्लीच्या तोंडाशी पोचला. बाई थांबली, मागं वळली आणि लेकीला म्हणाली, "येते गं."

आपण घरातून निघताना रोज म्हणतो तेच. पण तिनं आजवर ते कुणाला म्हणावं? दरवेळी सगळं घरच सोबत निघायचं, मागं कुणी उरायचंच नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"लवकर ये," पोर दारातून म्हणाली.