गिरणीच्या भिंतीवरचा आठवडा

सुमनबाई गेल्याची बातमी शाळेच्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, त्याच ग्रुपवर बातमीखाली अंगठे उठले होते. पालकांचे! कुणी 'ओके मॅडम' लिहिलेलं, कुणी 'नोटेड'. वाचायचं नाही, अंगठा टेकवून मोकळं व्हायचं... नांदेडच्या माझ्या स्वयंपाकघरात पोळी तव्यावर करपत होती आणि मी त्या अंगठ्यांना मोठमोठ्यानं शिव्या घालत होते. मग गॅस बंद केला आणि रडले.

ह्या अंगठ्यांचा राग खरं तर तिचाच. अहमदपूरच्या एका खासगी प्राथमिक शाळेत आम्ही दोघी शेजारशेजारच्या वर्गांवर होतो. मी निवृत्त होऊन नांदेडला आले, ती राहिली. त्याआधी कधीतरी फर्मान निघालं होतं की वर्गात काय शिकवणार, पुढं कोणता प्रकल्प, हे पालकांना दर शनिवारी फोनवर कळवायचं. पटापट 'ओके' यायचे आणि संस्थाचालकांना वाटायचं, शाळा पुढं गेली. एका शनिवारी सुमनबाईनं लिहिलं, 'सोमवारी प्रत्येकानं घरचा हत्ती घेऊन यावा.' अंगठे आले. जोडलेले हात आले. एका प्राध्यापक बापानं विचारलं, 'किती वाजता?' ती पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "बाई, ह्यांना लेकरं पाहिजेत तरी कशाला गं?"

प्रकल्पांचीही तीच तऱ्हा. बसस्टँडसमोरच्या दुकानात थर्माकोलचा ज्वालामुखी तयार मिळायचा. बाप तो गाडीवर घेऊन यायचे, लेकरू मागं रिकाम्या हातानं. "हे कोण केलंय रे?" सुमनबाई विचारायची. "दुकानातल्या काकांनी." "मग मार्क काकालाच देते!" आणि लेकराला खरंच द्यायची नाही. प्रतिष्ठित मंडळी तक्रार घेऊन जायची. ज्यांना आपलं पोर कोणत्या पाठावर आहे हे ठाऊक नाही, त्यांना मार्क मात्र तोंडपाठ!

ज्यांना कळायला हवं होतं, त्यांच्याकडं फोनच नव्हता. फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा पुण्याला कामावर. ह्या आया रविवारी सापडायच्या शिवाप्पाच्या पिठाच्या गिरणीत, नंबर लावून बसलेल्या. सुमनबाईनं गिरणीच्या बाहेरच्या भिंतीला काळा रंग फासला आणि दर रविवारी तिथं खडूनं लिहू लागली. 'पुढचा आठवडा: वजन. लेकराला दळण मोजू द्या.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सांगायची. शिवाप्पाच्या काट्यावर पोरं ज्वारी तोलायची, आया बघत राहायच्या.

संस्थाचालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शाळेची काही इज्जत आहे का न्हाई? गिरणीत काय उभ्या राहता?" ती म्हणाली, "साहेब, माझ्या अर्ध्या वर्गाच्या आया तिथं बसतात. तुमच्या ग्रुपवर नुसते अंगठे बसतात." पुढच्या वर्षी नेमणूक मिळणार नाही, असं तिला तोंडावर सांगण्यात आलं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. त्या रात्री तिनं मला फोन केला. घाबरली होती, लपवलं नाही. तरी रविवारी गिरणीत गेलीच. भिंतीवर लिहून आली आणि त्याच आठवड्यात हृदयविकारानं गेली. नेमणुकीचा प्रश्न असा मिटला.

परवा शाळेनं शोकसभा ठेवली म्हणून मी अहमदपूरला गेले. मोठा फ्लेक्स, हार, माईक. संस्थाचालक गळा काढून म्हणाले, "सुमनबाई आधुनिक संपर्कसाधनांच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या." समोर हत्ती आणायला निघालेला प्राध्यापक रुमालानं डोळे टिपत होता. काय म्हणावं ह्या लोकांना! माझ्यानं बसवेना. उठले आणि सरळ गिरणीत गेले.

भिंतीवरचं तिचं अक्षर शिवाप्पानं पुसू दिलं नव्हतं. 'पुढचा आठवडा: घड्याळ. घरातलं बंद पडलेलं घड्याळ पाठवा.' आत फळीवर बंद घड्याळं ओळीनं मांडलेली... काच तडकलेली, देवाच्या फोटोची, लग्नात आलेली. फोनवरच्या पालकांच्या घरचं एकही नव्हतं.

"मायबाया आणून ठिवून राहिल्यात, बाई," शिवाप्पा म्हणाला. "साळंत नेली तर नवी मॅडम म्हनली, असला प्रकल्प फोनवर न्हाई. मग काय, फेकू का?"

कोपऱ्यात पोत्यावर एक बाई लेकीला घेऊन बसली होती. मांडीवर घड्याळ, काच काढलेली. लेक बोटानं काटे फिरवत होती.

"हळू फिरीव की," आई म्हणाली. "मला बी कळू दे." मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. लाजली. "सुमनबाई म्हनल्या व्हत्या, पोरीला शिकवायचं टेन्शन घिऊ नको, पोरीकडून तूच शिकून घे. लई वर्षं झाली, घरात घड्याळ हाय, मला येत न्हाई."

"आई, आता किती वाजले सांग," लेक म्हणाली.

आई वाकून काट्यांकडं बघू लागली, ओठ हलवत मोजू लागली. शिवाप्पानं तिचा पिठाचा डबा भरून पुढं सरकवला. दळण झालं होतं. ती उठली नाही.