इनासकाकांची एक हाक

इनासकाका मागून हाक मारत नसत. कुणालाच नाही. एकदा माझी छत्री बाजारात भाजीवालीकडे राहिली. काकांनी ती उचलली आणि माझ्या मागोमाग निघाले. एक हाक मारली असती तर मी जागच्या जागी थांबले असते. पण हा साठी उलटलेला माणूस मागच्या गल्लीत शिरला, केळीच्या वाडीतून वळसा घालून, कुंपण ओलांडून धापा टाकत माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मग म्हणाला, "बाय, तुजी छत्री."

दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारू नये, ही आमच्या कोळीवाड्यातली जुनी रीत. हाक आलीच तर होडी परत फिरवायची, घटकाभर वाळूवर बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. काकांनी ती रीत जमिनीवरही लागू केली होती. मी काही दर्यावर निघाले नव्हते, असं मी त्यांना सुनावलं, तर म्हणाले, "कोन कुठं चाललाय, आपल्याला काय ठाव?"

त्यांचा धंदा होड्या साफ करून रंगवायचा. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते आणि होड्या वाळूवर ओढून ठेवतात, तेव्हा त्यांचा हंगाम. तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायच्या, लाकडाला मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, तेल पाजायचं, वर रंग, आणि शेवटी पुढच्या टोकाला संताचं नाव. मुशीच्या काळजाचं हे तेल ते स्वतः परसात कढवत. त्या दिवशी शेजारपाजारच्या घरांची दारंखिडक्या बंद. त्यांच्या बायकोने, रोजाकाकूंनी, तर संसारभर त्या वासाशी भांडण केलं आणि त्याच वासात जेवल्या. काकांचं म्हणणं एकच, "लाकूड म्हंजे मानूस. त्याला तहान लागते." गिऱ्हाईक त्यांनी कधी शोधलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या मांडवात ब्रश मांडून बसायचं, होडीवाले आपण होऊन येत.

मग फायबरच्या बोटी आल्या. फायबरला तहान लागत नाही. मालकांची पोरंच पंपाने पाणी मारून बोटी धुऊ लागली आणि मांडवात कुत्री झोपू लागली. दोन हंगाम काकांनी वाट पाहिली. शेवटी मुलाने, मेल्विनने, दर्यापासून लांब, वालीवच्या एका कारखान्यात फाटकावर बसायचं काम त्यांच्यासाठी ठरवून टाकलं. मुलगा वाईट नव्हता, घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालत होतं. बंदी उठायच्या आत नवीन गिऱ्हाइकं मिळाली तर मांडव राहील, नाहीतर वालीव, असं बापलेकांत ठरलं.

म्हणून काका माझ्याकडे आले. मी विम्याची एजंट. नमस्काराच्या आधी समोरच्याचं वय विचारणारी बाई, म्हणून लोक मला पाहून रस्ता बदलतात. काका उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "गिऱ्हाईक कसा धरतात, मना शिकव." जाताना अगदी खालच्या आवाजात विचारलं, "बाय, वालीवला वारा कुठल्या अंगानं येतो गो?"

वालीवला मी शेकडो वेळा गेलेय, वारा कधी पाहिला नाही.

मी त्यांना घेऊन दारोदार फिरले. बोलायची मी. काका बाजूला हात बांधून असे उभे राहत, की वाटावं आम्ही कुणाच्या दुखवट्याला आलोय. त्यांनी फायबरला पॉलिश करायचं यंत्रही शिकून घेतलं होतं, माझ्या स्कूटरवर सराव करून. माझी स्कूटर आरशासारखी झाली, गिऱ्हाईक मात्र एक नाही. सगळे आदराने खुर्ची देत, चहा देत आणि नाही म्हणत. बंदी उठायचा दिवस जवळ येत चालला, तसे काका चहाही नको म्हणू लागले.

शेवटी कळंबला एक जण भेटला. त्याची समुद्राकाठी कॉटेजेस होती आणि पर्यटकांना फिरवायला फायबरची एक बोट. तो म्हणाला, ही चमकवून दाखवा, पसंत पडली तर माझ्या मित्रांच्याही बोटी तुम्हालाच देतो. काका तिथेच राहिले. मी बघायला गेले तेव्हा त्या बोटीत माझं तोंड दिसत होतं. मालक खूश. पाऊस उघडला की रविवारी पाहुण्यांना घेऊन फेरी मारायची ठरली, आणि त्या रविवारी मुद्दाम मीही गेले.

बोटीत बसायची बाकं आणि तळाच्या फळ्या तेवढ्या लाकडी होत्या. आदल्या संध्याकाळी काकांनी त्यांना आपल्याजवळचं उत्तमातलं उत्तम ते दिलं होतं. पाहुणे चढले, बसले आणि नाकाला रुमाल लावून एकामागून एक खाली उतरले. एका बाईंच्या पांढऱ्या कपड्यांना डाग पडले, एक मुलगी ओकली. मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, हे काय लावलंत तुम्ही?"

"तेल हाय, मालक. मुशीचा."

साबणाची बादली आली. काकांनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःच गुडघ्यांवर बसून ती बाकं घासली. मी जवळ गेले तर मान वर न करता म्हणाले, "लाकूड तान्हेला व्हता, बाय. तसाच कसा सोडू?" परतताना स्कूटरवर माझ्या मागे बसून ते रडत होते. मला ते पाठीला कळत होतं.

बंदी उठली. फादरांनी होड्यांना आशीर्वाद दिला आणि पहाटे एकेक होडी पाण्यात उतरू लागली. सगळा गाव किनाऱ्यावर होता. काकांच्या जुन्या गिऱ्हाइकाची, मोतेसची होडी लाटा ओलांडून पुढे गेली, गावात उरलेली लाकडाची ती शेवटची. आणि तेवढ्यात काका गुडघाभर पाण्यात धावले.

"मोतेस! काय काम हाय काय रं?"

रोजाकाकूंनी डोळे मिटले. मोतेसने होडी फिरवली, वाळूला लावली आणि खाली बसला. पाणी प्यायला. त्याचे खलाशीही प्यायले. कुणी एखादी शिवी हासडली असती तरी बरं झालं असतं. मग मोतेस उठला, काकांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि होडी घेऊन निघून गेला. काका दर्याकडे पाठ करून घरी आले आणि मेल्विनला म्हणाले, "चल वालीवला."

तिथून त्यांचा मला एकदाच फोन आला. "भिंती उंच हायत, बाय. वारा येतो तो पंख्याचा." नाताळ झाला आणि ते त्या फाटकावरच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

अंत्यविधीच्या मिस्साला चर्च भरलं होतं आणि आत मुशीच्या तेलाचा वास कोंडला होता. काकूंच्या परसातला उरलेला डबा आणून मोतेसने सकाळीच शवपेटीचं लाकूड पुसून काढलं होतं. कुणीही नाकाला रुमाल लावला नाही.

पेटी खांद्यावर घेऊन माणसं दाराकडे निघाली, तशा रोजाकाकू उठल्या. आता त्या टाहो फोडतील म्हणून मी त्यांना धरायला गेले. त्यांनी तोंड उघडलंही. मग दाराबाहेर निघालेल्या पेटीकडे पाहिलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.